पावडरीला दाखवलेलं ऊन

आमचं घर गावात सगळ्यांत उंचावर आहे. वैनगंगा गावात शिरली तरी आमच्या ओट्याला पाणी लागत नाही, म्हणून पुराच्या वेळचं सामान आमच्याकडे ठेवायचं बचत गटाच्या बायकांनी ठरवलं. तुरटीचे खडे, फिनाईल, साबण, झाकणाचे ड्रम, बायकांसाठी पॅड आणि विहिरीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरची गोणी. आईनं पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून धानाच्या कोठीमागे ठेवले, बाबांच्या नजरेला पडू नयेत म्हणून. बाकीचं मागच्या खोलीत, तांदळाच्या डब्यांशेजारी लावलं.

पावडरच्या गोणीवर काही छापलेलं नव्हतं. मोठ्या पोत्यातून काढून साध्या गोणीत बांधून दिलेली होती. घरात छापलेलं काही आलं की ते माझ्याकडे येतं: औषधाची चिठ्ठी, खताची पिशवी, बँकेचा मेसेज. मी आसगावहून बस धरून पवनीच्या इंग्रजी शाळेत शिकले आणि घराला त्याचा एवढाच उपयोग झाला. त्या गोणीवर वाचण्यासारखं काहीच नव्हतं. पाण्यात किती टाकायची ते आईला बैठकीत सांगितलं होतं आणि माप म्हणून एक डबाही दिला होता. ठेवायची कशी, हे बहुतेक कोणी सांगितलं नाही. सांगितलं असेल तर आईला ऐकावंसं वाटलं नसेल, कारण वस्तू ठेवणं हा तिचाच विषय आहे.

आमच्याकडे वैशाखात सगळ्या साठवणीला ऊन दाखवतात. गच्चीवर जुनी लुगडी अंथरायची आणि त्यांच्यावर तूर, लाखोरीची डाळ, मोहफुलं, मिरच्या, चिंच पसरायची. आईचं एक वाक्य आहे, "ऊन दाखवलं का वस्तू साल काढते." म्हणजे वर्षभर टिकते. आमच्या डाळीला कधी कीड लागली नाही, हे गल्लीतली कुठलीही बाई कबूल करेल.

सामान आलं त्या उन्हाळ्यात वहिनीला दिवस गेले होते आणि तिला कुठलाच वास सहन होत नव्हता. पावडरचा वास तर भिंतीतून यायचा. ती जेवायला बसायची आणि उठून मोरीकडे पळायची. दादा गोणी गोठ्यात टाकायला निघाला होता. आई म्हणाली, तिथं ओल आहे, खराब होईल, गावाची वस्तू आहे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गोणी गच्चीवर नेली.

ती नाकाला पदर बांधून गोळे फोडत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं. मी मदतीला गेले तर मला दूर बसवलं. शेजारच्या काकी जिन्यातून डोकावून म्हणाल्या, "काय वं, पापड लाटतं का याचे?"

"लाटतो ना. पयला तुले देतो."

"मले नको. माह्या सासूले दे."

दोघी हसल्या. आई त्या पांढऱ्या भुकटीवरून हाताची बोटं फिरवत होती, रव्यावरून फिरवावी तशी. असं ऊन तिनं चार-पाचदा दाखवलं असेल. दरवेळी वास थोडा कमी व्हायचा. मग एक दिवस तिनं मूठभर पावडर वहिनीच्या नाकाशी धरली. वहिनीनं भीत भीत हुंगलं आणि मान हलवली. काही नाही.

"मेला वास," आई म्हणाली. "आता कशी चांगली झाली."

त्या संध्याकाळी वहिनी नीट जेवली. मला ते ताट आठवतं, कारण आई ते पुन्हापुन्हा पाहत होती.

पूर पोळ्याच्या आधी आला. नदी नेहमीसारखी खालच्या वस्तीत आली आणि थांबली नाही. रस्ता गेला, वीज गेली, हातपंप पाण्याखाली गेले. खालची माणसं शाळेत आणि आमच्या गल्लीतल्या घरांत आली. आमची विहीर तेवढी बुडाली नव्हती, पण पाणी चहासारखं झालं होतं. आईनं तुरटी फिरवली, डब्यानं मापून पावडर टाकली, सांगितलं होतं तेवढा वेळ कोणाला बादली सोडू दिली नाही. विहिरीच्या काठावर हातात काठी घेऊन बसली होती ती. माझी आई एरवी चारचौघांत बोलत नाही, हा गुण माझ्यात तिच्याकडूनच आला आहे. त्या दिवसांत तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.

पाणी निवळलं. बायका ड्रम भरून नेऊ लागल्या. एकजण म्हणाली, या वर्षी पाण्याला दवाखान्याचा वास येत नाही, गोड लागतं. आईला ते ऐकून बरं वाटलेलं मी पाहिलं. सरपण भिजलेलं, सिलिंडर संपत आलेला, त्यामुळे पाणी उकळायचं कोणाच्या मनातही आलं नाही. विहिरीत औषध टाकलं आहे, एवढं सगळ्यांना पुरे होतं. वहिनीची घागर आई वेगळी भरायची आणि तिच्यात आणखी चिमूटभर पावडर टाकायची. पोटुशी आहे, म्हणायची, हिला पक्कं पाणी पाहिजे.

पाणी उतरायला लागलं तेव्हा गल्लीत पोटं बिघडायला लागली. आधी म्हातारी माणसं, मग वहिनी. सकाळी सुरू झालं आणि दुपारपर्यंत तिला उभं राहता येईना. आई तिला त्याच घागरीतून साखर-मिठाचं पाणी पाजत होती, घोट घोट, डोकं मांडीवर घेऊन. मदतीची नाव आली तेव्हा दादानं तिला उचलून नेलं. मी सोबत गेले. आईला जागा नव्हती. ती काठावर उभी होती आणि मला ओरडून सांगत होती, पाण्याची बाटली विसरू नको.

वहिनी वाचली. बाळ गेलं. दवाखान्यात कोणी म्हटलं नाही की हे पाण्यानं झालं. तेवढ्या दिवसांत सगळीकडे चिखल होता, शिळं अन्न होतं, माशा होत्या. मी आजही नक्की सांगू शकत नाही.

आम्ही घरी परतल्यावर आरोग्य केंद्राचा माणूस विहिरी तपासत आला. आई खालच्या शेतात आडवा झालेला धान पाहायला गेली होती. त्यानं नळीत आमच्या विहिरीचं पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं. झालं नाही. त्यानं गोणी मागितली, चिमूटभर पावडर पेल्यात ढवळली आणि पुन्हा थेंब टाकले. पाणी तसंच राहिलं.

"हे तर मेलेलं हाये," तो म्हणाला. "उन्हात ठेवलं होतं का? ऊन-हवा लागली का याचा जोर उडून जाते. जोर म्हणजे तोच वास."

मी गोणीचं तोंड पुन्हा बांधलं. तो निघून गेला. मी वळले तर आतल्या दारापाशी खाटेवर वहिनी पडलेली होती आणि तिचे डोळे उघडे होते. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तिनं कूस बदलली.

त्यानंतर पुढचा उन्हाळा येईपर्यंत आम्ही दोघी तो विषय टाळत राहिलो. वहिनी आईशी पूर्वीसारखीच बोलायची. मला त्या बोलण्यात कान लावून बसायची सवय लागली. एखादा शब्द जड पडतो का, भांडं जोरात ठेवलं जातं का. तसं काही सापडलं नाही, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटायची. आई मात्र देवाला दोष द्यायची. मी तिला तो देऊ दिला. देवावर राग धरून तिला जगता येत होतं.

या उन्हाळ्यात नवीन सामान आलं. बैठकीत बायका म्हणाल्या, तुमच्यासारखं जपणारं गावात कोणी नाही, तुमच्याकडेच राहू द्या. गोणी पुन्हा मागच्या खोलीत आली, घरभर तो वास सुटला, आणि मला कळलं की आता गप्प राहून चालणार नाही. गप्प राहिले तर पुढच्या पुरात कोणाच्या तरी घागरीत पुन्हा तीच मेलेली पावडर पडेल. बोलले तर आईला काय होईल, ते मला ठाऊक होतं. मी रोज उद्यावर ढकलत होते.

मग आईनं लुगडी अंथरली. डाळ पसरून झाल्यावर तिनं मला खालून गोणी आणायला सांगितली. मी जागची हलले नाही.

"तिले ऊन नाही दाखवत, आई."

"काहून?"

"ऊन लागलं का तिचा जोर जाते. वास म्हणजेच जोर. झाकणाच्या ड्रममध्ये, अंधारात ठेवा लागते."

आईचा हात डाळीत होता. तो तसाच राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"मागच्या सालीबी असंच झालं?"

मी मान डोलावली. तिला ती दिसली की नाही कोण जाणे, पण उत्तर कळलं. नंतर कितीतरी वेळ ती डाळीतले खडे वेचत होती. आमच्या डाळीत खडे नसतात.

"तिले मालूम हाये?" शेवटी तिनं विचारलं.

"हो. तवापासून."

ऊन कलेपर्यंत आई खाली आली नाही. मी दोनदा बोलावलं. डाळ भरायला वहिनीच वर गेली, मी तिच्या मागे. आई भिंतीला टेकून बसली होती. वहिनी खाली बसून सुपात डाळ ओढू लागली. तिनं आमच्या चेहऱ्यांवरून काय ते ओळखलं असावं.

"बोलली काहून नाही तू?" आई म्हणाली. "शिव्या द्याच्या होत्या मले."

वहिनी डाळ ओढत राहिली. मग हळूच म्हणाली, "माह्याचसाठी वाळवली होती ना तुमी, आई."

मला वाटलं होतं, यानंतर आई रडेल आणि काहीतरी सैल होईल. ती रडली नाही. उठून लुगड्यांची टोकं जुळवून घड्या घालू लागली.

पावडर आता ड्रममध्ये आहे, झाकण घट्ट लावून. ड्रम मी ठेवला, आई त्याला हात लावत नाही. घरात पाणी भरायचं कामही तिनं न बोलता सोडून दिलं आहे, ते मी आणि वहिनी करतो. वहिनी शेतातून आली की आई पूर्वीसारखीच लगबगीनं उठते, माठापर्यंत जाते आणि तिथंच थांबते. मग बाजूला सरून उभी राहते. वहिनी आपल्या हातानं पाणी घेते आणि आई ती पिऊन होईपर्यंत तिच्याकडे पाहत राहते.