‘इतर’च्या रकान्यातली एक रेघ

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा लिहिण्यात काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

नव्वदच्या थोडं आधीची गोष्ट. माझं गाव बीडकडचं. पोटासाठी बोईसरला आलो, ओळखीचं कुणी नाही... एका ओव्हरसियर साहेबांनी काम दिलं, ते उपकार अजून फिटले नाहीत. बोईसर-तारापूर रस्त्यावर, कुंभवलीजवळ, आडवी रबरी नळी टाकलेली. पुढच्या आणि मागच्या चाकाखाली नळी दोनदा दबली की कडेच्या पेटीतलं यंत्र आपोआप एक गाडी मोजायचं. मी स्टुलावर बसून त्याच गाड्या कागदावर मांडायच्या. संध्याकाळी दोन्ही आकडे जुळायला हवेत.

पहिल्याच दिवशी यंत्राची एक गाडी जास्त. दुसऱ्या दिवशीही एकच.

“डुलकी लागली असेल,” साहेब म्हणाले. “असंच चाललं तर दुसरा माणूस बघावा लागेल. पण जुळवायला म्हणून खोटी गाडी मांडू नकोस. दिसेल तेच लिही.”

मला तर परतीची एस.टी.च दिसायला लागली.

तिसऱ्या दिवशी जेवायलाही उठलो नाही. सव्वातीनला रस्ता पार मोकळा... आणि नळी दबली. वर आली. परत दबली. पेटीत टक — आकडा पुढे.

साहेबांना तसंच सांगितलं. हसले नाहीत. “उन्हानं आतली हवा फुगत असेल,” म्हणाले. चौथ्या दिवशी नळीवर पाणी ओतलं आणि स्वतः माझ्याशेजारी येऊन बसले.

तीनच्या पुढे नवापूरची मासेवाली रिकामी टोपली घेऊन परतायची. रोजची थट्टा — “काय रे भाऊ, गाड्या मोजून पोट भरतं तुजं? आमाला नाय मोजत तुजं मशीन!”

त्या दिवशी नळीपाशी येता येता ती पटकन मातीत उतरून उभी राहिली. नळी दबली. दोनदा. टक.

“मावशी, बाजूला का झालात?” साहेबांनी विचारलं.

“गाडी आली ना मागून...” ती वळली. लांबपर्यंत बघितलं. “नाय हाय?”

टोपली सावरत निघून गेली, मागे न बघता.

साहेबांनी माझा कागद ओढला. ट्रक, बस, टेम्पो... एकेका रकान्यावर बोट ठेवत गेले. शेवटी ‘इतर’मध्ये एक रेघ मारली, खाली सही केली. “उद्यापासून तू मार,” एवढंच.

मोजणी संपेपर्यंत रोज सव्वातीनला मी ती रेघ मारली. आकडे जुळले, काम टिकलं, घरी मनिऑर्डर जात राहिली. तिथून काय जायचं, ते मला आजही सांगता येत नाही.

दिसेल तेच लिही, असं साहेबांनी सांगितलं होतं. ती एक रेघ सोडली, तर मी तसंच केलं.