डाळ भिजेपर्यंतचं नागपूर

वहिनी गेल्याची तार नागपूरहून आली, त्या सकाळी विमान नुकतंच बेहाल्यातल्या आमच्या घरावरून गेलं होतं. तार हातात धरून मी गच्चीवर गेलो आणि रिकाम्या आभाळाकडे बघत राहिलो. त्याला आता महिना होऊन गेला...

माझे थोरले बंधू, दादा, खिदिरपूरच्या बंदरात कस्टम्समध्ये होते. लग्न होऊन वहिनी नागपूरहून इथे आल्या तेव्हा मी कॉलेजात होतो. माहेर सातशे मैलांवर, रेल्वेने एक रात्र आणि वर जवळजवळ दिवस. दोन वर्षांतून एकदा जाणं व्हायचं. मुंबईचं विमान वाटेत नागपूरला उतरतं, तेही चार तासांत, हे दादांनी एकदा सहज सांगितलं आणि वहिनींनी त्यावर आपलं घड्याळ लावून टाकलं. दर रविवारी विमानाचा आवाज आला की त्या वडाभातासाठी हरभऱ्याची डाळ भिजत घालायच्या. मग येताजाता एखादा दाणा नखाने दाबून बघायच्या. तो तुटला की म्हणायच्या, "पोचलं हो नागपूर." मी छळायचो, "वहिनी, समोरून वारा असला तर डाळ कडक राहते का?"

"भाऊजी, वडे कमी मिळतील तुम्हाला," एवढंच उत्तर यायचं आणि वडे मात्र मलाच जास्त मिळायचे.

पुढे त्यांच्या आईंचं दुखणं वाढल्याची तार आली. विमान ही बड्या लोकांची चैन म्हणणारे दादा तडक जाऊन तिकीट घेऊन आले. दुसऱ्या दिवशी वहिनींना सोडायला तेच दमदमच्या विमानतळावर गेले. मी घरी होतो. डोक्यावर आवाज आला तशी मी आयुष्यात पहिल्यांदा डाळ भिजत घातली आणि तिच्याशेजारीच बसून राहिलो. फार भीती वाटत होती. दाणा तुटला तेव्हा आपोआप हात जोडले गेले.

आई भेटल्या. "एवढ्यात कशी आलीस गं?" म्हणाल्या, लेकीच्या हातून दोन घोट पाणी प्यायल्या... आणि दुसऱ्या दिवशी गेल्या. परत आल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "डाळ भिजेपर्यंतच तर होतं हो, भाऊजी. मी उगीच लांब, लांब म्हणत बसले."

निवृत्तीनंतर दादा-वहिनी नागपूरला गेले. काही वर्षांनी दादा वारले, वहिनी तिथेच राहिल्या. मी याच घरात राहिलो. रविवारची डाळ माझ्याकडे आली. वडे मला कधी धड जमले नाहीत, पण दाणा तुटला की वहिनी तिथे अंगणात बसल्या असतील असं वाटायचं आणि बरं वाटायचं.

परवा रविवारी विमान गेलं. सवयीने डाळ भिजत घातली. दुपारी दाणा दाबला, तुटला. "पोचलं," मी म्हणालो... आणि तिथे आता उतरून जायचं कुणाकडे, ते मला सुचेना.