कॉम्प्युटरची खंडेनवमी

फुटलेल्या नारळाचा वास आला की मला मोरिवलीतला तो रंगाचा कारखाना आठवतो. खंडेनवमीला शेठनी मशिनींसोबत नव्या कॉम्प्युटरचीही पूजा केली आणि नारळ टेबलाच्या कडेवरच फोडला. पाणी स्विचबोर्डात गेलं, फट् आवाज झाला, पडदा काळा पडला. मी तिथे कारकून; मालाच्या सगळ्या नोंदी, सगळ्या ऑर्डरी मीच त्यात भरल्या होत्या. कागदावर काहीच नव्हतं. मी पुढे धावले तसे फोरमनकाका ओरडले, "पोरी, पुजलेल्या मशिनीला आज हात लावायचा नाही!" दसऱ्याच्या सुट्टीत अन्न गोड लागलं नाही. कामावर आले, तर शेठ आधीच पडद्यासमोर बसलेले. "तूच चालू कर बेटा, मेरी हिम्मत नहीं होती." स्विचबोर्ड सुकला होता; कॉम्प्युटर सुरू झाला आणि सगळ्या नोंदी जशाच्या तशा निघाल्या. आज माझा स्वतःचा कारखाना आहे. खंडेनवमीचा नारळ मात्र दाराबाहेर फुटतो.