आबांच्या खोलीतला पंप

माझ्या वडिलांना, आबांना, अर्धांगवायू झाला, तेव्हा आम्ही त्यांना इंदापूरकडच्या मळ्यातून बारामतीच्या घरी आणलं. त्यांना एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून त्यांची खाट माझ्या कामाच्या खोलीत आली. कारखान्यांच्या यंत्रांची चित्रं मी संगणकावर करून देतो. एकेक चित्र पुरं होईपर्यंत मशीन तापत राहतं आणि त्याचे पंखे पिठाच्या गिरणीसारखे घरघरतात. आबांना रात्री झोप नसेच. दुपारी जेवणानंतर डोळा लागला तर लागायचा, आणि तो टिकायचा तर पंखे गप्प करणं भाग होतं.

उपाय पाण्याचा होता. छोटा पंप नळ्यांतून पाणी फिरवतो, ते प्रोसेसरची उष्णता उचलून रेडिएटरमध्ये जातं, तिथं निवतं आणि परत येतं. मग पंखे सावकाश फिरले तरी भागतं. हे सगळं सुटं आणून आपणच जोडायचं. पंपांच्या जाहिराती वाचताना मात्र आपण स्वारीवर निघालोय असं वाटलं. मुठीएवढ्या वस्तूला वादळाचं नाहीतर राक्षसाचं नाव, आणि अंगभर लग्नाच्या मांडवाला शोभतील असे दिवे.

शेवटी दोन पंप उरले. एक थोराड, पाणी भरपूर देणारा, पण हेड कमी, म्हणजे पाणी फार उंच न चढवणारा. दुसरा साबणाच्या वडीएवढा, पण हेडला जोरदार.

"हेड कुणाचं जास्त?" आबांनी खाटेवरून विचारलं. जीभ जड झाली होती, तरी हा प्रश्न स्वच्छ आला.

"बारक्याचं."

"मग त्योच घे. हेड न्हाय ती मोटार काय ओवाळायची हाय?"

आमचा मळा नीरेच्या काठापासून बराच वर आहे आणि पाइपलाइन मधला माळ चढून येते. तिथं हेड न बघता मोटार घेतलेल्यांच्या पाइपातून पाणी नुसतं ठिबकताना आम्ही पाहिलेलं. मी बारका मागवला. बंद नळीत वर चढलेलं पाणी खाली उतरताना मागच्याला ओढून घेतं, तिथं उंचीला फारसा अर्थ नसतो, हे मी वाचलं होतं. पण मोटार घेताना आमच्याकडे कुणी वाचलेलं आठवत नाही.

जोडणी झाल्यावर आबांना नारळ हवा होता. नवी मोटार नारळाशिवाय सुरू करत नाहीत. बायकोनं पंपाला कुंकू लावलं आणि नारळ दारात फोडला. पंखे शांत झाले. पंप मात्र बारीक, अखंड आवाजात गुणगुणू लागला, आणि तो आवाज टेबलातून जमिनीत उतरला.

दुपारी आबांचे डोळे उघडेच. चांगला हात खाटेची कड चाचपत होता.

"काय पायजे, आबा?"

"मोटार चालू हाय."

"व्हय. झोपा तुमी."

"दारं कोण धरतंय?"

मोटार चालू असली की दारं धरायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, माणूस उभा लागतो. नाहीतर बांध फुटून पाणी शेजाऱ्याच्या उसात जातं. चालू मोटारीच्या आवाजात आबांनी जन्मात डोळा मिटला नव्हता. पंख्यांची घरघर परकी होती, हा आवाज त्यांचा स्वतःचा होता. पुढचे काही दिवस दुपार झाली की तोच प्रश्न, तीच धडपड. एकदा तर उठायच्या प्रयत्नात ते निम्मे खाटेबाहेर आले.

मी थोराड पंप मागवला; तो सावकाश फिरूनही पुरेसं पाणी देतो.

"आधीच हा का नाही घेतला?" बायकोनं विचारलं.

"हेड कमी होतं."

"चढवायचं होतं कुठं? सगळं टेबलावरच तर आहे."

मी नव्या पंपाखाली जाड स्पंज घातला, वेग निम्म्यावर आणला. या वेळी नारळ फोडला नाही.

त्या दुपारी खोलीत आवाज असा नव्हताच. आबा बराच वेळ कान देऊन पडले होते.

"लाइट गेली?"

व्हय म्हटलं असतं, तर लाइट यायची वाट बघत ते जागेच राहिले असते.

"न्हाय आबा. भरणं उरकलं. मोटार बंद केली."

"श्यावटच्या सरीला पोचलं?"

"पोचलं."

"तू बघितलंस?"

आबांना आणल्यापासून मी मळ्याकडे फिरकलो नव्हतो.

"बघितलं," मी म्हणालो.

त्यांनी खाटेच्या कडेवरचा हात काढून छातीवर घेतला आणि डोळे मिटले. त्यांचा श्वास लांब होईपर्यंत मी कळफलकाला हात लावला नाही.