हेमालीची झोप

"वहिनी, काउंटरवर झोपताय?"

"मग? तुमच्याकडं उभ्यानं झोपतात का?"

हेमालीनं डावा कान काचेवर टेकवला. धामणकर नाक्यावरच्या त्या मोबाइलच्या दुकानात गिऱ्हाईक थबकून बघायला लागलं. दुकानदार मनोजनं दिलेला पहिला इअरबड कुशीवर होताच कानात रुतला. दुसऱ्याची दांडी गालाला टोचली.

"आता हा घाला. गाणं लावतो, बेस ऐका."

"गाणं नको. मला काय बी ऐकायचं न्हाय, म्हणून आलेय."

तिसरा चपटा होता, चण्याच्या डाळीएवढा. मनोजनं रबराच्या टोप्या बदलून दिल्या. सगळ्यात छोटी बसली. हेमालीनं परत डोकं टेकवलं. रिक्षावाल्यांचा कल्याण-कल्याण ओरडा लांब गेला. ती उठेचना, तेव्हा मनोजनं काचेवर टकटक केलं.

हेमाली मूळची दिघाशीची. लग्न होऊन भिवंडीत आली ती थेट लूमच्या डोक्यावर. खालचा मजला नवऱ्यानं, दीपेशनं, यंत्रमागाच्या कारखान्याला भाड्यानं दिलेला. शुक्रवारची सुट्टी सोडली तर रात्रभर खटक-खटक. "रात्री तरी बंद करायला सांग," असं तिनं कितीदा सांगितलं. "सवय होईल," हे त्याचं ठरलेलं उत्तर. तो त्याच आवाजात लहानाचा मोठा झालेला. पडला की घोरायचा. हेमाली मात्र छताकडं बघत राहायची आणि सकाळी वडपे गावच्या गोडाऊनमध्ये पार्सलं स्कॅन करताना पेंगायची. नाशिकचा माल एकदा नागपूरच्या गाडीत चढवून झाला होता. सुपरवायझरनं बजावलं होतं, आता एक जरी चूक झाली तरी घरी बसायचं.

त्या रात्री तो चपटा जोड कानात घालून ती गाढ झोपली. सकाळी उठली तर डोकं हलकं, आणि मोरीच्या दाराशी सासू जमिनीवर बसलेली. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून गुणाबाईंना रात्री आधार लागायचा. हाका मारून थकल्या, एकट्याच निघाल्या, मध्येच पायातलं बळ गेलं. लुगडं ओलं झालेलं.

दीपेश दारात उभा राहून डोळे चोळत होता. "कानात बुचं मारून झोपलीस. आईनं हाका मारल्या त्या ऐकायच्या कोणी?"

"तू कुठं होतास?"

"मला ऐकू येत नाही झोपेत. तुला माहितेय."

"मोबाइल टुणकन वाजला की कसा उठतोस? माझ्या कानात बुचं होती. तुझ्या कानात काय होतं?"

"आधी ते परत करून ये."

"न्हाय करणार." सासूला काखेत धरून उठवता उठवता ती बोलत होती, आवाज चढत होता. "रात्रभर मी जागायचं, दिवसभर मी राबायचं. नोकरी गेली की तूच म्हणशील, हिला काय जमत न्हाय. लूमवाला तुझा भाडेकरू, आई तुझी. आणि कान फक्त माझे?"

दीपेशनं आईकडं बघितलं. आता ती सुनेला झापेल, असं त्याला वाटलं असावं.

लुगडं बदलून, खाटेवर टेकून गुणाबाई म्हणाल्या, "हेमाली, माळ्यावर सुताची दोरी हाय. काढ."

"कशाला?"

"हा पाळण्यात होता तवा मी खालीच लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. लूमच्या आवाजात याचं रडं कुठं ऐकू येणार? पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून बसायची. हा वळवळला की मला कळायचं. अंगठ्याला घट्टा पडला होता. आता याच्या अंगठ्याला बांध. दुसरं टोक माझ्या हातात दे."

"आई, मी काय बैल आहे?"

"बैलाला हाक तरी ऐकू येते," गुणाबाई म्हणाल्या.

जेवणं आटोपल्यावर हेमालीनं स्वतः गाठ मारली. दोन पदरी, सुटणार नाही अशी. आतल्या खोलीतून गुणाबाईंनी एकदा ओढून बघितलं. दीपेशचा पाय गादीवरून सरकला.

"या दोरीनं रात्रभर झोप कशी लागेल मला?"

"सवय होईल," हेमाली म्हणाली.

तिनं दोन्ही कानांत इअरबड बसवले आणि कूस बदलली. दीपेश उठून बसला, हातवारे करत काहीतरी बोलत राहिला. त्याचे ओठ तिला क्षणभर दिसले. मग तिनं डोळेही मिटले.