आम्ही टेम्पररी

पोर सांभाळायला घरात बाई ठेवावी की नाही, असं चारचौघींना विचारलं की उत्तर मिळत नाही, किस्से मिळतात. पिंपरीच्या आमच्या कंपनीत डबा खायला आम्ही चौघी एका टेबलावर बसायचो. मला दिवस राहिल्याचं कळल्यापासून तिथे दुसरा विषयच उरला नाही.

मी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. माझ्या सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या, आई वहिनीच्या मुलांत अडकलेली. म्हणजे बाळंतपणाची रजा संपायच्या आत घरात राहणारी बाई मिळाली तर ठीक, नाहीतर राजीनामा. आणि मला नोकरी सोडायची नव्हती. दोन माणसांची भाजी चिरून मी कंटाळायचे, पण ट्रेसिंग पेपरवर रेघ ओढताना कधी कंटाळले नाही.

* * *

टेलिफोन ऑपरेटर नलिनी. तिचा नवरा प्लॅनिंग खात्यात, घर चिंचवडला, दोन खोल्या. बाई झोपणार कुठे, हे ठरवायला त्याने रीतसर लेआउट काढलं. आमच्या पट्ट्यात विजेच्या टंचाईपायी साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी गुरुवारी असायची. तो अख्खा गुरुवार टेप घेऊन घर मोजत होता. कॉट, पाळणा, कपाट, स्टोव्हचा ओटा आणि बाई म्हणून एक लांबट चौकोन.

निष्कर्ष असा निघाला, की रात्री बाई आडवी झाली की दार उघडत नाही. दार उघडायचं तर घरातलं एक माणूस कमी हवं. शुक्रवारी जाऊन त्याने कायमची नाइट शिफ्ट मागून घेतली.

"बाई फार चांगली मिळाली गं," नलिनी डबा उघडत म्हणायची. "नवरा कसा होता, ते मात्र आता आठवावं लागतं."

* * *

टाइम ऑफिसातल्या देशपांडेबाईंकडे आलेल्या बाईला घड्याळ कळत नसे. देशपांडेबाईंनी सोपा हिशेब घालून दिला: कंपनीचा भोंगा झाला की बाळाला दूध. बाळ लवकरच असं तयार झालं, की भोंगा वाजला की आपणहून तोंड उघडायचं.

पंचाईत झाली गुरुवारी. भोंगा नाही, म्हणून बाळ बाटलीला तोंड लावेना. रडून रडून लाल झालं. शेवटी देशपांडे, म्हणजे मशीन शॉपचे फोरमन, ज्यांच्यासमोर माणसं खोकतसुद्धा नसत, ते गॅलरीत उभे राहिले आणि तोंडाशी हात धरून त्यांनी भोंगा काढला.

बाळाने बाटली संपवली. खालच्या मजल्यावरचे कदम डबा घेऊन बसस्टॉपपर्यंत जाऊन आले.

* * *

चौथ्या आमच्या टायपिस्ट वैद्यबाई. त्यांची अडचण वेगळी. घरात सदानकदा परकं माणूस, मग नवराबायकोने भांडायचं कुठे? त्यांनी त्यावर चिंचवड स्टेशन काढलं. संध्याकाळी बाळ बाईकडे देऊन दोघं प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या बाकावर जाऊन बसत. लोकल आली की आवाज चढवायचा, गेली की कुजबुजायचं.

एकदा वैद्यबाईंच्या आई राहायला आल्या. बाईने त्यांना कौतुकाने सांगितलं, "दोघंबी रोज सांजच्याला जोडीनं फिराया जात्यात. लई परेम हाय बगा."

आईंना भरून आलं. त्यांनी जावयाला सफारीचं उंची कापड घेतलं. भांडण मुळात जावयाला दिवाळसणाला सासरहून काही आलं नाही यावरून चाललं होतं.

* * *

एवढं ऐकूनही बाळ झाल्यावर मी बाई शोधायला लागले. फाउंड्रीतल्या एका टेम्पररी कामगाराची आई, हौसाबाई, चाकणच्या पलीकडून भेटायला आली. आमचे हे इन्स्पेक्शनमध्ये. त्यांना प्रत्येक वस्तू पास तरी करायची असते नाहीतर रिजेक्ट तरी. त्यांनी खुर्ची पुढे ओढून विचारलं, "मुलं सांभाळायचा अनुभव?"

"सात पोरं. समदी धडधाकट."

ह्यांनी खुर्ची मागे सरकवली. मग हौसाबाईने विचारलं, "घरात सासू हाय का?"

"नाही," मी अभिमानाने म्हणाले. कटकट नाही, असं मला सुचवायचं होतं.

"मग न्हाई जमायचं," ती उठलीच. "दिसभर बोलायचं कुनाशी? माजा उभा जल्म सासूसंगं भांडन्यात गेला. भांडनाबिगर मला दिस सरत न्हाई, बाई."

सासू नाही म्हणून हातची गेलेली गोष्ट माझ्या आयुष्यात ही एकच.

* * *

आठवड्याने ती परत आली. लेकाने समजूत घातली असावी. ह्यांनी कंपनीच्या रिवाजाप्रमाणे सुचवलं, "आधी टेम्पररी राहा. मग बघू."

"ते टेम्पररी मला सांगू नगा," हौसाबाई म्हणाली. "माज्या ल्योकाला किती वरसं कामातनं ब्रेक देऊन देऊन परत टेम्पररीच घेत्यात. मी परमनंटच. टेम्पररी तुमी. म्हैनाभर बगते, पटलं तर ऱ्हाते."

बाळ तिच्यापाशी पहिल्याच दिवशी रुळलं. मी कामावर रुजू झाले. पण ती दिवसेंदिवस गप्प होत चालली. तिला भांडायला निमित्त मिळावं म्हणून मी चहा पातळ केला, मुद्दाम. ती निमूट प्याली. ह्यांनी तिच्यासाठी रेडिओ दुरुस्त करून आणला. दोन दिवस तिने ऐकला आणि बंद केला.

"ह्यो उलटं बोलत न्हाई," ती म्हणाली.

* * *

महिना भरला तो गुरुवारी. आदल्या संध्याकाळीच ती गाठोडं बांधून गावाला गेली. "सुक्कीरवारी आले तर आले," एवढंच म्हणाली.

शुक्रवारी मी साडी नेसून, बाळाला कडेवर घेऊन दारात उभी. ह्यांची सेकंड शिफ्ट होती, म्हणून दुपारपर्यंत ते घरी होते. त्यानंतर कोण, हा प्रश्न होता. भोंगा झाला. कंपनीची बस गेली. मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलंही नाही. एका रेघेचीही चूक न करता मी ड्रॉइंगच्या टेबलावरून कायमची उठणार होते.

तेवढ्यात कोपऱ्यावरून हौसाबाई येताना दिसली. मागे काठी टेकत एक वाकलेली म्हातारी. दोघी तावातावाने बोलत होत्या. दारात येऊन म्हातारीने आधी मला खालून वर न्याहाळलं, मग बाळाचं टोपडं ओढून पाहिलं.

"असं बांदत्यात व्हय लेकराला?" तिने हौसाबाईला झापलं.

"तुमास्नी काय कळतंय त्यातलं!" हौसाबाईचा आवाज महिन्यात पहिल्यांदा सुटला. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "तुमच्यात सासू न्हाई म्हनला व्हता न्हवं? मी माजी आनलीया."

ह्यांनी दोघींकडे पाहिलं. आमच्या दोन खोल्यांकडे पाहिलं. दार एकदा उघडून, लावून पाहिलं.

"मी कायमची नाइट मागून घेतो," ते म्हणाले.