टाक्यांच्या हॉटेलातली दुपार

बिअरच्या टाकीच्या तळाशी गाळ साचतो. रोज थोडा थोडा, वरून कळत नाही. टाकी रिकामी केली की दिसतं, अरे देवा, एवढा! आमच्या हॉटेलातल्या किश्शांचंही तसंच आहे. एकेक गिऱ्हाईक चमचाभर टाकून जातं आणि एक दिवस डोकं जड होतं. आज टाकी धुवायला काढलीय, तेव्हा ऐकून घ्या.

जळगावहून धुळ्याकडे निघालं की हायवेला आमची काचेची इमारत लागते. आत स्टीलच्या उंच टाक्या. बाहेरच्या बोर्डावर मायक्रोब्रुअरी असं लिहिलंय, पण रिक्षावाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळे 'टाक्यांचं हॉटेल' म्हणतात. त्या टाक्यांत बिअर बनवते मी. मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी केलं, पुण्यात एका ब्रुअरीत उमेदवारी केली आणि आता जळगावात, पिंप्राळ्याला भाड्याच्या खोलीत राहते.

मालकांना सगळे भाऊ म्हणतात. रावेरकडचे, घरची केळीची शेती. पुण्यात कुणाच्या तरी लग्नाला गेले असताना त्यांनी अशा एका ठिकाणी भर दुपारी आजी, सून, नातू, जावई एका टेबलावर जेवताना पाहिले. पुढ्यात बिअरचे ग्लास! भाऊ भारावून परत आले. "आपल्याकडं असं पायजे!"

आपल्याकडे असं नाही, हे कळेपर्यंत टाक्या बसल्या होत्या. रात्री पुरुष येतात, दुपारी माश्या येतात. शेवटी भाऊ मला म्हणाले, "पोरी, रात्री पिणाऱ्याला बाटली पण चालते. आखाजीपर्यंत दुपारी फॅमिली आल्या नाहीत, तर टाक्या विकतो आणि बाटल्या लावतो."

आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. बाटल्यांना ब्रुअर लागत नाही. म्हणजे मी परत धुळ्याला, देवपुरात आईवडिलांच्या घरी, आणि माझा बायोडेटा बाजारात! तेव्हापासून रोज दुपारी बारा वाजले की मी दाराकडे बघत बसते.

*

दुपारी कुणी आलंच, तर पहिला प्रश्न मेन्यूचा नसतो. "भिंतीकडचं टेबल आहे का?"

भिंतीकडे तोंड करून बसायचं, म्हणजे आपण कुणाला दिसत नाही. पाठ दिसते, पण पाठीला ओळखायचं नाही, असा सगळ्यांचा अलिखित करार आहे. लाखो रुपये खर्च करून भाऊंनी काचेतून टाक्या दिसतील असं बांधलं आणि माणसं डिस्टेंपर बघत जेवतात!

एकदा चाळीसगावचे एक काका भिंतीकडे तोंड करून बसले होते. एक टेबल सोडून एक तरुण येऊन बसला, त्याचंही तोंड भिंतीकडे. थोड्या वेळाने त्या तरुणाने मला खुणेने बोलावलं. "ताई, ते माझे काका आहेत. ते गेले की मला सांगा."

मी मान डोलावली. पाणी द्यायला काकांकडे गेले, तर काका कुजबुजले, "तो आमचा पुतण्या. तो गेला की सांग हां, बेटा."

दोघांची जेवणं झाली. बडीशेप झाली. काकांनी भिंतीवरचं कॅलेंडर महिन्यामहिन्याने वाचलं. पुतण्याच्या मोबाइलची बॅटरी संपली. संध्याकाळची साफसफाई सुरू करायची वेळ झाली, तरी दोघं भिंतीकडेच!

मग मी हॉलच्या मधोमध उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "गेले हो!"

दोघं एकदमच उठले.

*

एक रिटायर्ड साहेब आले. सफारी, खिशाला दोन पेनं. ग्लास पुढे ठेवला, तर त्यांनी बोटाने लांब सारला.

"सील कुठं आहे?"

"सर, ही टाकीतून येते. बाटली नसते."

"म्हणजे कंपनीची नाही?"

"नाही सर, इथेच बनते. मी बनवते."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हणजे हातभट्टी!"

माझं डोकंच फिरलं. एक्साइजची परवानगी, महिन्याला तपासणी, रोज टाक्या उकळत्या पाण्याने धुऊन हाताची सालं निघतात आणि हे म्हणतात हातभट्टी! मी म्हटलं, "सर, हातभट्टीला टॅक्स नसतो. आम्ही भरतो."

साहेबांनी गंभीरपणे विचार केला. "मग तीच परवडते."

*

भाऊंचे मामा एका सकाळी टेम्पो भरून केळी घेऊन आले. "जवाची बिअर होते, तर केळीची का नाही? तू शिकलेली आहेस ना?"

मी सांगितलं की होते, पण आधी छोट्या भांड्यात बघावं लागेल, प्रमाण ठरवावं लागेल. मामा म्हणाले, "आम्ही केळी लावतो ती काय छोट्या भांड्यात लावतो का!" भाऊ मामांना नाही म्हणू शकत नाहीत. कारण विचारलं तर म्हणतात, "मामा आहेत ना!" आपल्याकडे याच्यापुढे वाद संपतो.

एक टाकी केळीची लावली. मी तरी अर्धीच भरली होती. मी खोलीवर गेल्यावर मामांनी स्वतः उरलेले घड सोलून आत घातले आणि झाकण घट्ट आवळलं. वाफ जायला नको म्हणून!

दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण उडालं. फेस थेट छताला. पंख्याने तो चारी भिंतींवर सारखा वाटून दिला. मी डोक्यापासून खाली शिकरणात भिजून उभी, आणि मामा छताकडे बघत म्हणतात, "बघ! माल कसा जातिवंत आहे!"

ती साफसफाई करायला दोन दिवस हॉटेल बंद. दुपार गेली, रात्रही गेली. पण गावात बातमी पसरली. आठवड्याने बाजारपेठेतले एक शेठ खास चौकशीला आले. गाडीतून उतरले नाहीत, काच खाली करून विचारलं, "केळीची बिअर मिळते म्हणे?"

"संपली शेठजी. जवाची आहे."

"नाही नाही, जव नको." त्यांनी काच वर करायला घेतली. "आज एकादशी आहे."

*

दुपारी नुसत्या बायका एकदाच आल्या. धुळ्याच्या दोन प्राध्यापिका, परीक्षेच्या कामाला आलेल्या. मधल्या टेबलावर बसल्या, तोंडं टाक्यांकडे. मेन्यू नीट वाचला, शेवभाजी मागवली आणि एकेक ग्लास हलकी बिअर. त्यातल्या एकीने मला विचारलं, "हिला संत्र्यासारखा वास कशाने येतो?" या नोकरीत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणीतरी विचारला! मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले आणि बिअरला वास आणि कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं काय असतात ते सांगायला लागले.

तेवढ्यात भिंतीकडच्या टेबलावरून एक आबा मागे वळले. स्वतःची तिसरी चालू. मला म्हणाले, "बायकांना अशी बिअर देता? आमचं जेवण बेचव होतं."

मी म्हटलं, "आबा, तुमच्यासाठी भिंत आहे ना. तिकडे बघा."

आबा ताट सोडून उठले. भाऊंकडे तक्रार गेली. भाऊ मला म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाशी असं बोलतात का?" मी विचारलं, "आणि म्हाताऱ्या माणसाने तसं बोललेलं चालतं का?" यावर भाऊंनी पंख्याचं बटण कमी-जास्त केलं.

प्राध्यापिकांनी सगळं ऐकलं होतं. बिल देताना छान हसल्या, माझा नंबर घेतला, पुन्हा येतो म्हणाल्या. पुन्हा आल्या नाहीत.

*

माझ्या वडिलांनी कॉलनीत सांगून ठेवलंय, मुलगी सरबताच्या कंपनीत आहे. मी भांडून बघितलं. "पप्पा, मी चोरी करते का?" तर म्हणतात, "चोरी नाही गं, पण सरबत म्हटलं की प्रश्न थांबतात." मी भांडणं सोडलं. थकवा येतो. रोज टाकी धुवायची की बाप धुवायचा!

आमच्या घरापासून तिसऱ्या घरात नाना राहतात. रिटायर्ड हेडमास्तर. शाळेत त्यांनी मला व्यसनमुक्तीच्या निबंधाला पहिलं बक्षीस दिलं होतं. एका दुपारी ते आमच्या हॉटेलात शिरले आणि समोर मी!

नाना दोन क्षण दारातच थांबले. मग माझ्याजवळ आले. "हे बघ. मी तुला पाहिलं नाही. तू मला पाहिलं नाहीस."

"हो नाना. काय आणू?"

"जी तू बनवतेस ती."

दोन ग्लास प्यायले, भरीत-भाकरी खाल्ली आणि मला न बघता निघून गेले.

पुढच्या रविवारी मी घरी. ओट्यावर पप्पा आणि नाना पेपर वाचत बसलेले. मी चहा घेऊन गेले, तर नाना कपाकडे बघत पप्पांना म्हणाले, "काही म्हणा, हिच्या सरबताला चव आहे हो!"

पप्पांची छाती फुगली. "मग! क्वालिटी कंट्रोलला आहे ती!"

*

आखाजी जवळ आली. भाऊंकडे टाक्या बघायला नाशिकहून एक पार्टी येऊन गेली. त्यांनी टाकीवर टिचकी मारून बघितली, तेव्हा मी फडकं घेऊन तीच टाकी पुसायला लागले. त्या आठवड्यात नवीन बिअर लावायची नाही, असं भाऊंनी सांगून टाकलं. आहे ती संपवायची.

असल्या एका दुपारी, ऊन असं की हायवेवर कुत्रं नाही, दोन क्रूझर आणि एक टेम्पो आमच्या दारात थांबले. बस्ता! मुलाकडचे चाळीसगावचे, मुलीकडचे धुळ्याकडचे. लग्नाचे सगळे कपडे दोन्ही घरांनी मिळून खरेदी करायचे, शालू, आहेराच्या साड्या, टॉवेल-टोप्या, आणि मग सगळ्यांनी एकत्र जेवायचं. जळगावात सकाळपासून दुकानं पालथी घालून ही मंडळी परत निघाली होती. बाहेर 'एसी हॉल' वाचलं आणि गाड्या वळवल्या. काकू, मावश्या, करवल्या, कडेवरची पोरं. सगळ्यांत शेवटी मुलाच्या आजी, नऊवारीतल्या, काठी टेकत. सगळे त्यांना अक्का म्हणत होते. एकेका साडीला होकार-नकार त्यांचाच होता, हे आल्या आल्या कळलं.

हॉल भरला. दुपारी! फॅमिलींनी! भाऊ काउंटरमागे उभे राहून नुसते बघत राहिले.

पण ग्लास एकही हलेना. व्याही समोर असताना कोण पिणार? शेवभाजी, भाकरी, ताक, एवढीच ऑर्डर. मी मनात म्हटलं, झालं, भाऊ आता म्हणणार की बघ, फॅमिलीला शेवभाजी लागते, टाक्या नाही.

तेवढ्यात मुलीचे वडील हात धुवायच्या निमित्ताने माझ्याकडे आले. घामाने शर्ट चिकटलेला. "ताई, ती थंडगार बिअर... स्टीलच्या पेल्यात आणा. विचारलं तर ताक सांगा. व्याह्यांना कळायला नको."

ते बसले आणि मुलाचे वडील उठले. तेही हात धुवायला. "बेटा, स्टीलचा पेला आहे का? त्यात... आमच्या व्याह्यांना कळलं तर लग्न मोडेल हां!"

मी दोन पेले भरले, वरचा फेस चमच्याने काढला आणि दोघांच्या पुढ्यात ठेवले. समोरासमोर बसून दोघं प्यायला लागले.

"ताक बरं आहे नाही, व्याही?"

"फारच बरं! असं ताक आमच्याकडं मिळत नाही."

"अजून घेता का?"

"तुम्ही घेत असाल तर."

दुसरे पेले दिले. मग तिसरे. दोघांचे चेहरे लाल, आवाज मोठे, हुंड्यासारखा विषय निघायच्या ऐवजी एकमेकांच्या शाळेच्या गमती निघाल्या. बायकांच्या टेबलावर खरं ताक होतं, पांढरं, कोथिंबीर घातलेलं. अक्का ते पीत होत्या आणि पेल्यावरून पुरुषांकडे बघत होत्या.

मग त्यांनी आपला पेला खाली ठेवला आणि काठी जमिनीवर आपटली.

"पोरी, अठे ये." मी गेले. "त्यासना पेलामा जे शे, तेच माले दे."

मुलाच्या वडिलांचा घास हातातच राहिला. "आई, अगं, ते ताक आंबट आहे, तुला बाधेल..."

"माले येडी समजतस का?" अक्का त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. मी वाकून त्यांच्या कानाशी हळूच सांगितलं, "अक्का, ती बिअर आहे. मी बनवलेली." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "माहीत शे. लई ये."

मी आणली. काचेच्या ग्लासात आणली, फेस न काढता. अक्कांनी पदराने तोंड पुसलं आणि एक मोठा घोट घेतला. सुना बघतायत, करवल्या बघतायत, दोन्ही व्याही ताटात बघतायत. अक्कांनी ग्लास उजेडात धरला, आणखी एक घोट घेतला आणि मुलीच्या वडिलांना विचारलं, "व्याही, ताक आवडनं?"

"ह... हो, अक्का."

"तुले?" हे स्वतःच्या मुलाला.

"हो, आई."

"मंग हळदना दिनले बठ्ठासनं जेवण अठेच ठेवा. बायासनं बी."

हळदीला सगळ्यांचं जेवण इथेच, बायकांचंही! मग कुठल्यातरी कोपऱ्यातून एक काकू हळूच म्हणाली, "ताई, इकडे पण एक."

भाऊ काउंटरमागून बाहेर आले. माझ्याजवळ येऊन उभे राहिले, टाक्यांकडे बघत.

"काय गं, नवीन टाकी लावली तर तयार व्हायला किती दिवस लागतात?"